भरपाई हजेरी

भाऊसाहेब क्लबाच्या संडासात अडकून पडले तेव्हा बाहेर हॉलमध्ये अग्निशमन दलाचा एक अधिकारी ‘अडकलेल्या माणसाची सुटका’ या विषयावर भाषण करत होता. भाषण छान झालं म्हणतात. दाराच्या फटीतून भाऊसाहेबांनाही ते बऱ्यापैकी ऐकू आलं. ‘अडकलेल्या माणसाने आरडाओरडा न करता थांबून थांबून तीन ठोके द्यावेत,’ असं अधिकारी म्हणाला, तेव्हा भाऊसाहेबांनी तत्परतेने तीन ठोके दिले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय.

मग भाऊसाहेब ओरडले. पण हा हॉल दातांच्या दवाखान्याच्या बरोब्बर वर. दर गुरुवारी सात ते आठ सेवा क्लबाची सभा चालायची आणि खाली डॉक्टरांचा मदतनीस दाढा उपटायचा. ‘अहो, सोडा मला, सोडा!’ हे ओरडणं त्या सभेला इतकं अंगवळणी पडलं होतं, की एखाद्या गुरुवारी ऐकू आलं नाही तर सभासद डॉक्टरांना विचारायचे, ‘काय हो, धंदा मंदा आहे का?’

शेवटी हजेरी झाली. दातांचे डॉक्टर हेच क्लबाचे सचिव. त्यांनी नाव पुकारलं आणि संडासातून दणदणीत ‘हजर!’ आलं. डॉक्टरांनी मान वर केली, रिकामी खुर्ची पाहिली आणि फुली मारली. पावणेनऊला पहारेकऱ्याने पेचकसाने कडी उचकटली, तोवर सगळे चहा-बिस्किटं खाऊन घरी गेलेले.

आता तुम्ही म्हणाल, एका फुलीने असं काय आभाळ कोसळलं? तुम्हाला भाऊसाहेब ठाऊक नाहीत. हा माणूस चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होता. गावात कोण आलं आणि कोण गेलं, हे देवाच्या आधी त्यांच्या रजिस्टरात लागायचं, आणि देवापेक्षा चोख, असं ते स्वतः म्हणत. चौतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. निवृत्त झाल्यावर क्लबात आले ते हीच शिस्त घेऊन. दहा वर्षं पुरी व्हायला आलेली, सलग पाचशे सतरा सभा, एकही चुकली नाही. ताप असला तर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून जायचे. मुलीच्या साखरपुड्याला गुरुवार निघाला तेव्हा व्याह्यांशी भांडून तो बुधवारी आणला. आणि आता, पंधरा दिवसांवर वार्षिक सभा, विभागप्रमुखांच्या हस्ते दहा वर्षं अखंड हजेरीचा सोनेरी बिल्ला मिळणार. क्लबाच्या इतिहासात तो अजून कुणाला मिळालेला नाही. कोटाच्या कुठल्या बाजूला लावायचा, यावर आरशासमोर दोन वेळा तालीम झालेली. आणि मध्येच ही फुली!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटच्या रांगेत नंबर लावून भाऊसाहेब डॉक्टरांसमोर बसले.

“डॉक्टर, मी ‘हजर’ म्हणालो होतो.”

“ऐकलं ना मी. पण आवाज हजर होता, भाऊसाहेब. माणूस नव्हता. नियमावलीत शब्द आहे, ‘सभासद आसनस्थ असला पाहिजे’.”

“आसनस्थच होतो मी!” भाऊसाहेब तावातावाने म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी कपाटातून नियमावली काढली आणि कलम सतरा दाखवलं: भरपाई हजेरी. एखादी सभा चुकली तर सभासदाने चौदा दिवसांच्या आत कुणा एका गरजू व्यक्तीची सलग दोन तास सेवा करावी. गरजू व्यक्ती सभासदाच्या नात्यातली नसावी. तिने विहित नमुन्यात स्वतःचं नाव, वय आणि सेवेचं स्वरूप लिहून सही करावी. फुली पुसली जाईल.

“एवढंच?” भाऊसाहेब म्हणाले. “अहो, जगात गरजूंचा काय तोटा!”

हे वाक्य त्यांना पुढे फार जड गेलं.

पहिले चार दिवस नमुना मिळवण्यातच गेले. तो ज्या कपाटात होता त्याची किल्ली माजी अध्यक्षांकडे, आणि माजी अध्यक्षांचा आजी अध्यक्षांवर राग. आजी अध्यक्ष म्हणजे आपले फर्निचरवाले. त्यांनी मागच्या वर्षी क्लबाच्या ‘एक झाड एक सभासद’ कार्यक्रमात आपल्याच दुकानाच्या फळीवर पाटी रंगवून आणली होती, तेव्हापासूनचं हे वैर. शेवटी भाऊसाहेबांनी दोघांची समजूत काढली, किल्ली मिळाली, आणि नमुना दिल्याची पोच द्यायचा नमुना संपला आहे असं कळलं. तो त्यांनी स्वतःच्या हाताने आखून दिला. तोही समासासकट.

“दोन तास ना?” बायको म्हणाली. “मग माळ्यावरचे डबे काढून द्या. पंख्यांवर बोटबोट धूळ बसलीय. सही मी करते, अगदी लपेटीदार.”

“नात्यातली व्यक्ती चालत नाही.”

“तरीच!” बायको म्हणाली. “दहा वर्षं सेवा क्लबात आहात आणि घराला पत्ताच नाही, तो नियमामुळे होय.”

बिल्डिंगीत बातमी पसरायला काय वेळ! सल्ल्यांना तर ऊतच आला. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, “कैद्याची सेवा करा. तो दोन तास कुठे जात नाही.” कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “बेशुद्ध माणूस बघा, भाऊसाहेब. तक्रार नाही, आणि अंगठा आपणच उठवायचा.” गॅरेजवाल्याने तर स्वतःलाच गरजू म्हणून पुढे केलं आणि दोन तास जॅक धरून ठेवाल का म्हणून विचारलं. भाऊसाहेबांनी त्याला नको म्हटलं, कारण गरजू माणसाने असं दात काढून हसू नये असं त्यांचं मत होतं.

शनिवारी ते वृद्धाश्रमात गेले. व्यवस्थापकाने त्यांना बसवलं आणि एक जाडजूड वही उघडली. “कुठला क्लब? फळं की करमणूक?”

“मला फक्त एक म्हातारा हवाय. दोन तास.”

“पुढच्या वर्षी मार्चमध्ये देऊ शकतो. एक आहे, पण त्यांना ऐकू येत नाही.”

“अहो, तुमच्याकडे साठ माणसं आहेत!”

“साठ आहेत, पण क्लब अकरा आहेत,” व्यवस्थापक काकुळतीला येऊन म्हणाला. “रोज सफरचंदं. त्या खिडकीतल्या आजोबांचे केस गेल्या महिन्यात चार संस्थांनी कापले. आता कापायला डोक्यावर काही उरलेलं नाही, तरी परवा एक जण कात्री घेऊन आले. आजोबा पलंगाखाली जाऊन बसले, साहेब. तुम्हाला खरंच सेवा करायची असेल तर एक करा. येऊ नका.”

भाऊसाहेब आले तसे परत गेले. चौदातले नऊ दिवस संपले होते. मधल्या गुरुवारच्या सभेत ते इतका वेळ आसनस्थ राहिले, की सभा संपल्यावर कुणीतरी खांदा हलवून त्यांना उठवलं.

अकराव्या दिवशी ते सरकारी रुग्णालयात गेले. तिथे दुःखाचा तुटवडा नसणार, हा त्यांचा हिशेब. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, पेशंटला हात लावायचा तर स्वयंसेवक कार्ड लागतं, आणि कार्डाला तब्येतीचा दाखला लागतो. दाखल्याच्या खोलीत परिचारिकेने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि एकदम म्हणाली, “काका, उठू नका.”

“काय झालं?”

“एकशे ऐंशी. झोपा.”

“मी सेवा करायला आलोय हो!”

“बरं, बरं. झोपून करा.”

पुढच्या पाच मिनिटांत भाऊसाहेब बूट काढून खाटेवर. खाटेचा नंबर तीनशे बारा. ते छताकडे बघत असतानाच एक टापटीप बाई हातात पुस्तक, छातीवर दुसऱ्याच कुठल्या तरी क्लबाचा बिल्ला अशा आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. “घाबरायचं नाही हं, आजोबा. मी वाचून दाखवते.” भाऊसाहेब काही बोलायच्या आत त्यांनी ‘दैनंदिन जीवनात आनंदी कसे राहावे’ हे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं. पहिल्या प्रकरणातच ‘रागावू नका’ असं होतं. दोन तास! बाई मध्ये पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. भाऊसाहेबांचा पारा एकशे नव्वदवर गेला तेव्हा परिचारिका म्हणाली, “वाचत राहा, यांना गरज आहे.”

आणि मग बाईंनी पर्समधून कागद काढला. लाभार्थीचं नाव, वय, सेवेचं स्वरूप, सही.

“माझी पण एक सभा चुकली होती,” बाई लाजून म्हणाल्या. “तुम्ही भेटलात म्हणून बरं. कुणी मिळतच नाही हो!”

भाऊसाहेबांनी सही केली. काय करणार? वर ‘लाभार्थी’ शब्दातला दीर्घ वेलांटीचा घोळही दुरुस्त करून दिला. संध्याकाळी बायको न्यायला आली, तेव्हा सगळा प्रकार ऐकून ती रिक्षात जी हसायला लागली, ती घर आलं तरी थांबेना.

असा तो चौदावा दिवस उजाडला. गुरुवार. संध्याकाळी सातला वार्षिक सभा, त्याआधी सही मिळाली तर बिल्ला, नाही तर आयुष्यभर नाही, कारण पुन्हा दहा वर्षं मोजायची म्हणजे भाऊसाहेब ऐंशीचे होणार. दुपारी तीन वाजता ते कोट घालून, नमुना खिशात ठेवून खिडकीत बसले होते आणि रस्त्यावर कुणी लंगडतंय का बघत होते. वाईट दिसतं हे, पण होतं तसं सांगतोय.

तेवढ्यात समोरच्या मावशी दारात आल्या. मावशी म्हणजे टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या, जिभेने तिखट. डोळ्यांना मोतीबिंदू, त्यामुळे भिंतीचा आधार घेत आल्या.

“अरे, जरा काम होतं. उद्या सकाळी नऊला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? आता रुग्णालयातून फोन आला, म्हणे संगणकात तुम्ही मयत आहात. मेलेल्या माणसाचं ऑपरेशन करता येत नाही. उद्यापर्यंत दुरुस्त दाखला आणला नाही तर नंबर गेला, पुढचा एकदम वर्षाने. तुझ्या जुन्या ऑफिसात माझ्याबरोबर येतोस का?”

भाऊसाहेबांना दारात साक्षात लाभार्थी दिसला. नात्यातली नाही, गरजू, शुद्धीवर, आणि साडेतीन ते साडेपाच म्हणजे बरोब्बर दोन तास! “मावशी, हे काय विचारणं झालं?” असं म्हणून त्यांनी चपला सरळ करून मावशींच्या पायापुढे ठेवल्या. बायको आतून बघत होती.

रिक्षात मावशींनी पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढला. “हा माझा मृत्यूचा दाखला. ताई गेली तेव्हाचा, बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा ट्रंकेत टाकला तो आज काढला. ताईच्या जागी माझं नाव घातलंय आणि माझ्या जागी ताईचं. म्हणजे मी मेले आणि ताईने येऊन खबर दिली! मला नीट दिसत नाही, बघ रे, खाली कुणा गाढवाची सही आहे.”

भाऊसाहेबांनी बघितलं.

सही सुरेख होती. वळणदार, ठसठशीत, खाली दोन टिंबं. असली सही गावात एकाच गाढवाची होती.

त्यांना सगळं आठवलं. मावशी रडत आल्या होत्या आणि ते म्हणाले होते, ‘तुम्ही बसा, मी भरतो.’ बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि धीर देता देता जिवंत बाईचं नाव मयताच्या रकान्यात घातलं. बारा वर्षं कुणाला पत्ता नाही. आता रजिस्टरं संगणकात चढली आणि भूत बाटलीतून बाहेर आलं.

“काय रे, कुणाची?”

“अस्पष्ट आहे, मावशी,” भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेला सगळा रस्ता ते रिक्षाच्या मीटरकडे बघत बसले.

कार्यालयात साडेपाचपर्यंत रांग. टेबलामागे साहेब म्हणून जो बसला होता, तो भाऊसाहेबांच्याच हाताखाली तयार झालेला. याच्या प्रत्येक चुकीखाली त्यांनी एके काळी लाल शाईने रेघ मारली होती आणि वर समासात ‘डोळे उघडे ठेवा’ असं लिहिलं होतं. तो उठून उभा राहिला. “साहेब, तुम्ही! या, या.” मावशींना कोपऱ्यातल्या बाकावर बसवून भाऊसाहेबांनी कागद पुढे सरकवला. साहेबाने तो वाचला, सही पाहिली, आणि एकदम आवाज खाली आणला.

“साहेब, दोन मार्ग आहेत. ‘खबर देणाऱ्याने चुकीची माहिती दिली’ असं लिहू या. पाच मिनिटांचं काम, तुमचं नाव कुठे येत नाही. फक्त बाईंची चौकशी लागते, दोन-तीन महिने जातात.”

“आणि दुसरा?”

“‘नोंदणी अधिकाऱ्याची चूक.’ त्या अधिकाऱ्याने स्वतः येऊन जबाब द्यायचा, तीन प्रती, दोन साक्षीदार, मुख्य रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती. दाखला आजच मिळतो. पण साडेसात-आठ वाजतील. आणि साहेब, ते रजिस्टर आम्ही नव्या मुलांना शिकवायला वापरतो. बिनचूक नोंदी कशा असाव्यात म्हणून.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. पाच मिनिटांत सुटलो तर घरी जाऊन तोंड धुऊन सातला आसनस्थ. मावशींनाही सांगता येईल, सरकारी काम आहे, वेळ लागतो. त्या विश्वास ठेवतील. सरकारी कामाला वेळ लागतो यावर जगात कोण विश्वास ठेवणार नाही?

भाऊसाहेबांनी बाकाकडे पाहिलं. मावशी समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायचा प्रयत्न करत होत्या. तिथे तक्ता नव्हता, खिडकी होती.

“लाल शाई आण,” भाऊसाहेब म्हणाले.

“साहेब?”

“चूक माझी आहे. मोठ्याने बोलायला लावू नकोस, आधीच रक्तदाब आहे.”

पण मोठ्याने बोलावंच लागलं, कारण जबाब साक्षीदारांसमोर वाचून दाखवायचा असतो. साक्षीदार म्हणून शिपाई आणि पलीकडच्या टेबलावरची टंकलेखिका आली, मागोमाग उरलेलं ऑफिसही आलं. ‘मी, पूर्वीचा नोंदणी अधिकारी, पूर्ण शुद्धीवर असताना एका जिवंत व्यक्तीला मयत दाखवले...’ भाऊसाहेब वाचत होते आणि टंकलेखिका पदराआड हसत होती. पहिली प्रत कार्बन उलटा लागल्याने वाया गेली. तेव्हा सगळं पुन्हा एकदा वाचलं.

सात वाजले. तिकडे हॉलमध्ये विभागप्रमुख आले असतील. सव्वासात. हजेरी चालू झाली असेल, आणि या वेळी तर आवाजही हजर नाही. भाऊसाहेबांनी तिसऱ्या प्रतीवर सही केली. तीच वळणदार सही. पण खालची दोन टिंबं द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.

पावणेआठला ताजा दाखला हातात घेऊन ते बाकापाशी गेले. “मावशी, झालं. तुम्ही जिवंत आहात.” मग घसा खाकरून म्हणाले, “ती सही... ती माझी होती.”

“ठाऊक आहे,” मावशी म्हणाल्या. “तूच तर समोर बसला होतास. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही.”

“मग दुपारी बोलला का नाहीत?”

“तू बोलतोस का, ते बघत होते. खूप वेळ घेतलास रे मेल्या!” त्यांनी हात पुढे केला. “तो कागद दे. तुझी बायको म्हणत होती, एका सहीसाठी पंधरा दिवस गावभर हिंडतोयस.”

“आता काय उपयोग? जाईपर्यंत सभा संपलेली असेल.”

“तुला नसेल उपयोग. बारा वर्षांनी जिवंत झालेय, कुठेतरी सही करू दे की!”

भाऊसाहेबांनी खिशातून नमुना काढला, पेन दिलं. मावशींनी नाक कागदाला टेकवून, जीभ जराशी बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. ‘सेवेचे स्वरूप’ या रकान्यात ओळी सोडून तिरपं लिहिलं होतं: यानेच मारलं, यानेच उठवलं. खाली लांबलचक सही. वर नाव बरोबर. वय: सहासष्ट.

भाऊसाहेबांच्या दुसऱ्या हातात नवा दाखला होता, शाई अजून ओली. त्यावर जन्मतारीख होती आणि त्या तारखेप्रमाणे मावशींना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाले होते. बरोब्बर बारा वर्षांचा फरक. त्यांचा हात आपोआप पेनाकडे गेला.

“सगळं बरोबर आहे ना रे?” मावशींनी विचारलं.

“अगदी बरोबर, मावशी,” भाऊसाहेब म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.